छकडा, टमटम आणि तिसरे चाक

रिक्षा, टमटम आणि छकडा. तीन चाकांच्या गाड्यांची ही तीन नावे. आमच्या वसई-विरारमध्ये रिक्षा दारोदार फिरते. महामार्गाच्या पलीकडे, पूर्वेच्या खेड्यापाड्यांत, सहा माणसे म्हणून सुरू होणारी आणि दहा माणसे घेऊन जाणारी ती टमटम. छकडा मात्र आपला नव्हे, सौराष्ट्रातला. गिरनारला दत्तदर्शनाला जाणाऱ्या मराठी माणसाने तो पाहिलेला असतोच. पुढून बुलेट मोटरसायकल, मागून दोन चाकांवर लाकडी-लोखंडी पाटा आणि त्यावर खेडे मावेल इतकी माणसे!

या तीन नावांची एक गंमत मला अलीकडेच लक्षात आली. रिक्षा हा शब्द मूळ जपानी. 'जिनरिकिशा' म्हणजे माणसाच्या बळावर चालणारे वाहन, माणसाने ओढायची गाडी. टमटम म्हणजे एका घोड्याची हलकी गाडी. इंग्रजी अमदानीत साहेबलोक टमटममधून फिरत. आणि छकडा तर आपल्या मराठीतही आहे, तो म्हणजे बैलाचा लहान गाडा. म्हणजे एक नाव माणसाच्या गाडीचे, एक घोड्याच्या आणि एक बैलाच्या. ज्या वाहनाचे हँडल दुचाकीचे आणि चालवायची पद्धतही दुचाकीची, त्याला लोकांनी दुचाकीच्या घराण्यातले नाव दिले नाही! तीन चाके दिसली की लोकांना गाडाच आठवला.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. पण या नावांमागे यंत्रशास्त्रच आहे असे मला आता पटले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. टायरपासून सुरुवात करावी लागेल.

सायकल किंवा मोटरसायकल वळताना आतल्या बाजूला कलते. कलली नाही तर बाहेर फेकली जाईल. म्हणून दुचाकीच्या टायरची पाठ गोल असते. गाडी कितीही कलली तरी त्या गोलाईचा कुठला ना कुठला भाग रस्त्याला टेकलेला राहतो. मोटारीला कलायचे नसते, म्हणून तिच्या टायरची पाठ सपाट, पाटासारखी. आता मोटरसायकलला मागे दोन चाके लावली की काय होते? ती कलू शकत नाही. गोल पाठीचा टायर मधल्या एका पट्टीवरच झिजू लागतो आणि काही महिन्यांत त्याची पाठ आपोआप सपाट होते. दुसरे असे की वळताना सगळा जोर चाकावर आडवा येतो. तारांच्या आऱ्यांचे चाक उभा भार छान पेलते, आडवा जोर फारसा पेलत नाही. म्हणून तीन चाकांच्या गाडीला तारांपेक्षा पत्र्याच्या डिस्कचे चाक बरे. थोडक्यात, तिसरे चाक लागले त्या क्षणी मोटरसायकल दुचाकीच्या घरातून निघून गाड्याच्या घरी नांदायला जाते. हँडल तेवढे माहेरचे राहते.

गाड्याच्या चाकाला आपण 'धाव' बसवत असू. नव्या पिढीला हा शब्द फक्त क्रिकेटमधला माहीत आहे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी कडी, बैलगाडीचा टायरच म्हणा ना. माझ्या लहानपणी वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीतली केळी आणि भाजी स्टेशनपर्यंत बैलगाडीनेच जायची. लोहाराकडे धाव बसवायची असली की आम्ही पोरे बघायला जमत असू. कडी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद होईपर्यंत तापवायची, ती फुगली की सांडशांनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठायचा, कडी आकसायची आणि लाकूड करकरून आवळले जायचे. खिळा नाही, गोंद नाही. कडी किती लहान ठेवायची याचा अंदाज चुकला तर एक तर धाव निघून येणार, नाही तर आरे पिचणार. हा अंदाज कुठल्याही पुस्तकात नव्हता, लोहाराच्या हातात होता.

रबराच्या हवा भरलेल्या टायरचा इतिहास पाहिला तर तोही तीन चाकांपाशीच येतो. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये मांडली आणि पेटंटही घेतले, पण ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने ती पुन्हा शोधून काढली. कशासाठी? तर मुलाच्या तीनचाकी सायकलला खडबडीत रस्त्यावर बसणारे दणके कमी व्हावेत म्हणून! त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८६ मध्ये, कार्ल बेंझ यांनी जर्मनीत ज्या पहिल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले तिलाही तीनच चाके होती. पुढची दोन चाके एकदम वळवायची समाधानकारक युक्ती तोवर त्यांना मिळाली नव्हती, म्हणून पुढे एकच चाक. म्हणजे मोटारही तीन चाकांवर जन्मली आणि हवेचा टायरही तीन चाकांसाठी. आपण रिक्षाला अर्धवट वाहन समजून नाक मुरडतो, पण घराणे फार जुने आहे.

मोटरसायकलला मागे मोटारीसारखा आस आणि दोन चाके लावण्याचा धंदेवाईक प्रयोग अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने केला. त्यांची 'सर्व्हि-कार' १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती. गॅरेजवाले दुरुस्त केलेली मोटार गिऱ्हाइकाच्या घरी पोचवून परत यायला ती वापरत. पुढे पोलिसांनी ती पार्किंगच्या बंदोबस्तासाठी घेतली. आपल्याकडे दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले मोटरसायकलींना मागे बाकडी आणि दोन चाके जोडून 'फटफटी' तयार झाल्या. लाल किल्ला, चांदनी चौक ते कॅनॉट प्लेस अशा त्या अनेक दशके धावल्या. मराठीत फटफटी म्हणजे साधी मोटरसायकल. दुचाकीचे नाव टिकवलेली तीनचाकी मला एवढी एकच सापडली.

इकडे महाराष्ट्रात गोष्ट वेगळ्या वाटेने आली. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ च्या सुमारास तिला मागे दोन चाके लावून 'आपे' बाजारात आणली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. गांधीलमाशी नुसती हिंडते, मधमाशी ओझे वाहते! व्हेस्पाचे रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंता. त्यांनी स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूने धरले, त्यामुळे मोटारीसारखे नट सोडवले की चाक हातात. दोन भाग बोल्टने जोडून केलेली छोटी रिम, त्यात ट्यूब आणि टायर. ऑटोरिक्षाने हीच चाके घेतली आणि तिन्ही एका मापाची ठेवली. म्हणून रिक्षावाल्याला एकच स्टेपनी पुरते. साध्या मोटरसायकलला स्टेपनी असते का? नाही. स्टेपनी ही गाडीची चैन आहे.

माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा जावी म्हणून ही ऑटोरिक्षा आपल्याकडे आणायची खटपट ज्यांनी केली त्यांत अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) नवलमल फिरोदिया हे नाव ठळक आहे. ते १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेले गृहस्थ. पुढे १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि जर्मनीच्या विडाल कंपनीची 'टेम्पो हान्सिएट' ही तीनचाकी मालगाडी इथे बनू लागली. तिचे पुढचे एकटे चाकच सगळी गाडी ओढायचे, अगदी बैलासारखे. टेम्पो हे कंपनीचे नाव मराठीत असे रुजले की आज चार चाकांच्या, सहा चाकांच्या गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो. योगायोग म्हणजे त्याच १९५८ मध्ये सीएट ही इटालियन टायर कंपनी मुंबईत आली आणि भांडुपला तिचा कारखाना झाला. गाडा आणि धाव एकाच वर्षी आले म्हणायचे.

आता मूळ मुद्दा. कारखान्यातून निघालेल्या तीनचाकीला कारखान्याने ठरवलेला टायर असतो. पण ज्यांनी आपली मोटरसायकल गरजेपोटी तीनचाकी करून घेतली, त्यांनी काय करायचे? माझा एक जुना विद्यार्थी महामार्गालगत टायरचे दुकान चालवतो. शाळेत गणितात त्याला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. पण आज त्याच्याइतके चाकाचे गणित आमच्या शाळेतल्या एकाही शिक्षकाला येत नसेल. मी अधूनमधून त्याच्याकडे जाऊन बसतो. तोच मला टायरवरचे आकडे वाचायला शिकला... चुकलो, शिकवले!

रिक्षाच्या टायरवर ४.००-८ असे लिहिलेले असते. म्हणजे रुंदी ४ इंच आणि रिम ८ इंच. सरळ हिशेब. छोट्या मोटारीच्या, उदाहरणार्थ मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असे असते. यातले १४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १२ म्हणजे रिम इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा प्रश्न आम्ही परीक्षेत घातला असता तर पालक भांडायला आले असते. पुढे ६९ असा आकडा असला तर तो भाराचा. त्याचा अर्थ एका टायरने ३२५ किलो पेलावेत.

एकदा मी बसलो असताना चाळिशीतला एक गृहस्थ आला. एक पाय पोलिओने गेलेला. भारतात जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला, पण त्याआधीच्या पिढ्यांतली अशी कितीतरी माणसे आपल्यात आहेत. याची मोटरसायकल तीनचाकी करून घेतलेली, मागे छोट्या मोटारीचा आस, ब्रेक आणि रिम. आरटीओची मंजुरी कागदोपत्री होती. मागे पावाचे क्रेट लावून तो पहाटे दुकानांना पाव पोचवायचा. तक्रार अशी की हँडल सारखे डावीकडे ओढते आणि वेग घेतला की पाठीत हादरे बसतात.

विद्यार्थ्याने खाली बसून दोन्ही मागची चाके पाहिली आणि विचारले, "दादा, हे दोन टायर एकदम घेतले नाहीत ना?"

"नाही. उजवा फुटला तेव्हा मिळेल तो टाकला. माप एकच आहे की."

"माप एक, पण जात वेगळी. डावा गोटा झालाय, उजवा रिमोल्ड आहे. घेर सारखा नाही. एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून चालल्यासारखं आहे हे."

बोलून गेल्यावर तो जरा ओशाळला. पण तो गृहस्थ हसला आणि म्हणाला, "ते मला सांगू नका, मला माहीत आहे!"

मग काम सुरू झाले. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच मापाचे टायर. जुना टायर काढल्यावर रिमची कड तारेच्या ब्रशने घासली, कारण आमच्या खाडीकाठच्या हवेत लोखंड फार लवकर गंजते आणि गंजावर टायरची कड नीट बसत नाही. कडेला साबणाचे पाणी लावले. हवा भरताना टायर 'टक्, टक्' असा दोनदा वाजला, तेव्हा दोन्ही कडा जागेवर बसल्या. तो आवाज ऐकून मला धाव आवळताना होणारी लाकडाची करकर आठवली. तिथे लोखंड आकसून बसायचे, इथे रबर फुगून बसते.

मी विचारले, "अरे, मोटरसायकलच्या स्वतःच्या रिमवर कारचा टायर चढवतोस का कधी?"

"नाही सर. आकडा जुळला तरी रिमची बसक वेगळी असते. बसला असं वाटतं, पण वळणावर कड सुटली तर माणूस जाईल. मागे कारचा आस, कारची रिम असेल तरच कारचा टायर. आणि रिक्षाच्या आसावर कारचं चाक लावून द्या म्हणाले तरी मी लावत नाही."

त्याचे कारण त्याने जमिनीवर खडूने आकडे मांडून सांगितले. रिक्षाच्या चाकाचा व्यास साधारण ४१ सेंटिमीटर, मारुतीच्या चाकाचा ५१. म्हणजे चाक जवळजवळ सव्वापट. चाक मोठे झाले की त्याच इंजिनला चढावर तेवढे जड जाणार, तोच ब्रेक तेवढा कमी लागणार आणि गाडी साडेचार-पाच सेंटिमीटर उंच होणार. तीन चाकांच्या गाडीचा पाया त्रिकोणी, पुढे निमुळता. उंची वाढली की वळणावर ब्रेक मारताना ती पुढच्या कोपऱ्यावर लवकर उलटते. टायर तेवढा बदलला असे आपण म्हणतो, पण त्याबरोबर सगळी गाडी बदललेली असते.

हवेचेही तसेच. मोटारीचा टायर मोटारीच्या वजनासाठी बांधलेला. ही गाडी हलकी. मोटारीइतकी हवा भरली तर टायर फुगून मधल्या पट्टीवरच टेकतो आणि गाडी उसळते. त्याने टायरच्या पाठीवर खडूची आडवी रेघ ओढली, गाडी थोडी पुढे ढकलली आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहिले. फक्त मध्ये पुसली, तर हवा जास्त. फक्त कडेला पुसली, तर कमी. पूर्ण पुसली, तर बरोबर. आयुष्यभर खडू हातात धरून मला त्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता!

राहिला तोल, म्हणजे बॅलन्सिंग. चाक सगळीकडे सारखे जड नसते. रिमोल्ड टायर तर नसतोच. मशीन नव्हते तेव्हा मोकळ्या फिरणाऱ्या आसावर चाक अडकवून सोडून देत. जड बाजू फिरून खाली येऊन थांबते, तिथे खूण करायची आणि बरोबर समोर शिशाचे वजन लावायचे. चाक कसेही सोडले तरी जिथल्या तिथे उभे राहिले की तोल साधला. अरुंद चाकाला एवढे बहुधा पुरते. रुंद चाकाची आतली आणि बाहेरची कड वेगवेगळी जड असू शकते. असे चाक उभे असताना शहाणे असते आणि पळताना डुलते. त्याला मशीनच हवे, आणि वजने दोन्ही कडांना लागतात.

घरी येऊन मी हिशेब केला. मारुतीच्या मापाचे चाक, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर फक्त ३० ग्रॅम जास्तीचे वजन. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेते आणि ते ३० ग्रॅम चाकाला साडेतीन किलोच्या जोराने बाहेर ओढते, प्रत्येक फेऱ्यात! वेग निम्मा केला की हा जोर पावपट होतो, किलोलाही थोडा कमी. आणि तेच चाक बैलाच्या चालीने, ताशी ४ किलोमीटरने फिरवले तर जोर जेमतेम ९ ग्रॅम. लोहाराने धाव बसवल्यावर चाकाचा तोल का पाहिला नाही, याचे उत्तर मिळाले. बैलाच्या गतीला त्याची गरजच नव्हती. गाडा तोच राहिला, गती बदलली आणि तोलाचा प्रश्न जन्माला आला.

पाववाल्याचे काम तासाभरात झाले. फेरी मारून आला आणि म्हणाला, "हँडल आता हात सोडला तरी सरळ जातंय." विद्यार्थी म्हणाला, "जाऊ दे सरळ, पण हात सोडू नका!"

कायद्याची बाजूही सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाने बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बनवणाऱ्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे बजावले. अपंग व्यक्तींसाठीच्या बदलांना मात्र परवानगी घेऊन वाट ठेवलेली आहे. दिल्लीच्या फटफटी प्रदूषणाच्या कारणाने १९९८ मध्ये बंद झाल्या. हे कायदे चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. माझ्या विद्यार्थ्याने मांडलेले सव्वापटीचे गणित पाहिले की कायदा का हवा ते कळते. पण मंजुरीचा शिक्का एकदाच बसतो, टायर दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. त्या पाववाल्याचे कागद पूर्ण होते, तरी त्याचा जीव दोन विजोड टायरांवर चालला होता. शिक्का आणि रस्ता यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो तो टायरवाला. त्याला समजत असेल तर गिऱ्हाईक वाचले.

हे समजणे येते कुठून? विद्यार्थ्याला विचारले तर म्हणाला, "उस्तादांकडून." उस्तादांना कोणी शिकवले, ते त्यालाही माहीत नाही. नवलमल फिरोदियांचे नाव इतिहासात आहे, डनलॉपचे तर आहेच. पण कोणता टायर कुठल्या रिमवर चढवायचा नाही, हे ज्यांनी फुटलेल्या टायरांवरून शिकून घेतले त्यांचे नाव कुठेच नाही. आमच्या लोहाराचेही नाही. त्याची भट्टी कधी थंड झाली ते मला सांगता येत नाही आणि कडी नेमकी किती लहान ठेवायची हे विचारायला आता कोणी उरले नाही.

म्हणून निदान खडूच्या रेघेची ही युक्ती लिहून ठेवली. तुमच्या ओळखीत कुणाकडे तीनचाकी असेल तर त्यांना जरूर सांगा. आणि मागचे दोन टायर नेहमी जोडीनेच बदलायला सांगा.